धबधब्याचा पंप खडखडतोय? पंप बदलण्याआधी सक्शन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. घोडबंदर रोडवरची सोसायटी, पोडियमवर १५ बाय ६ मीटरचा ओव्हरफ्लो पूल (काठावरून पाणी ओसंडणारा पोहण्याचा तलाव), त्याला लागून सहा फुटी दगडी भिंत, तिच्यावरून पडणारा धबधबा आणि चार गोमुखं. हे चालवायला फिल्टरपासून वेगळा ३ एचपीचा थ्री फेज पंप, खालच्या पार्किंगच्या पातळीवरच्या पंप रूममध्ये. पूलमधून ओसंडलेलं पाणी ज्या टाकीत जमा होतं, त्या बॅलन्सिंग टँकमधून पाणी ओढलं जातं. सक्शनची, म्हणजे टाकीतून पंपाकडे पाणी ओढणारी पाइप ६३ एमएमची, साधारण नऊ मीटर लांब, वाटेत पाच एल्बो. धबधबा संध्याकाळी सहा ते नऊ चालतो. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांनी पंपात खडी फिरतेय असा आवाज येतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरांत तो ऐकू जातो. एप्रिलमध्ये बेअरिंग बदलली, महिन्याभरात आवाज परत आला. आता ठेकेदार म्हणतो, पंप दमला, ५ एचपीचा नवीन बसवू.

नका बसवू. आवाज आज आहे त्यापेक्षा वाढेल, वीजबिल वाढेल, आणि सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा याच प्रश्नापाशी याल. ठाणे आणि नवी मुंबईत मी पंचविसेक वर्षं पूल आणि कारंज्यांचे पंप लावतो, काढतो, दुरुस्त करतो. धबधब्याच्या पंपाच्या तक्रारींत पंप स्वतः दोषी असण्याची वेळ फार कमी येते. पंप ओरडतो, पण दुखणं त्याच्या आधीच्या पाइपात किंवा टाकीत असतं. तुम्ही दिलेल्या माहितीत तर ते जवळजवळ लिहूनच आलंय.

सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: 'पाच-सात मिनिटांनी'. बेअरिंग गेली असेल तर ती पहिल्या सेकंदापासून वाजते. फाउंडेशन बोल्ट ढिला असेल तर पंप सुरू होतानाच थरथरतो. पहिली पाच मिनिटं पंप शांत आहे आणि मग बिघडतो, याचा अर्थ त्या पाच मिनिटांत पंपाच्या बाहेर काहीतरी बदलतंय. बहुधा टाकीतली पाण्याची पातळी.

ओव्हरफ्लो पूलचं गणित असं असतं. धबधबा बंद असताना पूल काठोकाठ स्थिर असतो. धबधबा सुरू झाला की टाकीतलं पाणी वर जातं, पूलमध्ये पडतं, पण लगेच परत येत नाही. काठावरून पाणी ओसंडायला पृष्ठभाग थोडा वर उठावा लागतो. तुमच्या ९० चौरस मीटर पूलवर नुसता ६ मिलिमीटरचा थर चढला तरी ५४० लिटर पाणी टाकीतून गेलं. त्यात जाळीखालच्या चॅनेलमधलं आणि परतीच्या पाइपातलं पाणी वेगळं. टाकीचा तळ तीन चौरस मीटरचा धरला तर पातळी १८ सेंटीमीटर खाली येते, चॅनेल धरून तर जवळजवळ एक फूट. त्यात एप्रिल-मेमध्ये सोनमोहोराचा पिवळा सडा पडतो, त्या पाकळ्या ओव्हरफ्लोच्या जाळीत आणि चॅनेलच्या तोंडाशी अडकतात आणि परतीचं पाणी आणखी अडतं. पावसाळ्यात येऊरच्या बाजूने वारा सुटला की पानांचं तेच. पंप मात्र त्याच वेगाने टाकी उपसत राहतो.

पातळी सक्शनच्या तोंडाजवळ आली की भोवरा तयार होतो. हे मी स्वतः नीट बघितलं ते नेरूळच्या एका सोसायटीत, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी. तिथे मी दोनदा बेअरिंग बदलली होती, मोटर उघडून रोटर बॅलन्स करून आणला होता, तरी आवाज जाईना. सोसायटीचे पैसे माझ्या हातून वाया चालले होते आणि मला रात्री झोप लागत नव्हती. तिथला पूल सांभाळणारा मुलगा एकदा म्हणाला, 'साहेब, पहिली पाच मिनिटं हा शहाण्यासारखा चालतो.' त्या वाक्याने डोळे उघडले. मी पंपाजवळ न बसता बॅलन्सिंग टँकचं झाकण काढून टॉर्च घेऊन बसलो. चार मिनिटं काही नाही, पाणी हळूहळू उतरत होतं. मग सक्शनच्या वर पाण्याला एक खळी पडली, गालावर पडते तशी. खळीचा खड्डा झाला, खड्ड्याचा फनेल झाला, आणि त्याच्या टोकातून हवेची एक बारीक पांढरी दोरी वळवळत खाली पाइपाच्या तोंडात गेली. ती दोरी पाइपाला टेकली त्याच क्षणी मागच्या खोलीत पंप गुरगुरला. मी हात घालून भोवरा मोडला, आवाज थांबला. हात काढला, पुन्हा गुरगुर.

म्हणून तुमची पहिली तपासणी तीच. कुणालातरी पंप सुरू करायला सांगा आणि तुम्ही टाकीचं झाकण उघडून उभे राहा. भिंतीवर खडूने सुरुवातीच्या पातळीची रेघ मारा, दर मिनिटाला नवी रेघ. आवाज सुरू होताना पातळी पाइपाच्या तोंडाच्या किती वर आहे ते मोजा. हे अंतर फूटभर किंवा त्याहून कमी असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. रात्री नऊनंतर पंप बंद केल्यावर आणखी एक गोष्ट बघा: टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपातून पाणी गटारात जातंय का? पातळी उतरली की फ्लोट व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीत ताजं पाणी भरतो. पंप बंद झाला की वर गेलेलं पाणी परत येतं आणि टाकीत मावत नाही. बऱ्याच सोसायट्यांत रोज संध्याकाळी असं शेकडो लिटर पाणी वाहून जातं, तेही टँकर मागवायच्या दिवसांत, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता आवाजाबद्दल. 'खडी फिरतेय' हे वर्णन दोन गोष्टींना लागू पडतं आणि दोन्ही सक्शनशीच जोडलेल्या आहेत. एक, पंप हवा खातोय. दुसरी, कॅव्हिटेशन. हवा खाणाऱ्या पंपाचा आवाज एकसारखा नसतो: गुळगुळ, मग खडखड, मग क्षणभर शांत, धबधब्याची चादर मध्येच फाटते, गोमुखातून पाणी थुंकल्यासारखं येतं. पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारी बास्केट असते, तिच्या पारदर्शक झाकणातून बघितलं तर आत पाणी दुधाळ दिसतं किंवा वर हवेचा खिसा हलताना दिसतो. कॅव्हिटेशनचा आवाज सलग असतो, खरखरीत, मिक्सरमध्ये कोरडी डाळ घातल्यासारखा, आणि झाकणाखालचं पाणी बहुतेक वेळा स्वच्छ दिसतं. तिथे बाहेरची हवा आत आलेली नसते. पाइप पंपाच्या मागणीइतकं पाणी देऊ शकत नाही, म्हणून इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या तोंडाशी दाब इतका पडतो की गार पाण्याचीच वाफ होते, तिचे बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा धातूवर किंवा प्लास्टिकवर बारीक टिचकी मारतो. जुना पितळी इम्पेलर उघडला तर पात्यांच्या मुळाशी उधईने खाल्ल्यासारखे खड्डे दिसतात, ते याचेच.

धबधब्याच्या पंपाला हा आजार जास्त का जडतो, हे समजून घ्या, कारण ठेकेदाराच्या ५ एचपीचं उत्तर यातच आहे. फिल्टरच्या पंपापुढे वाळूचा थर असतो, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह असतो, लांब पाइपा आणि बारीक इनलेट असतात. हा सगळा अडथळा पंपाला त्याच्या जागी धरून ठेवतो. धबधब्याच्या पंपापुढे काय असतं? चार-पाच मीटर उंची आणि एक उघडं तोंड. पूलचा साधा ३ एचपी पंप बारा-पंधरा मीटरच्या हेडवर (पाणी चढवायची उंची आणि पाइपांचा अडथळा मिळून) नीट चालेल असा बनवलेला असतो. त्याला चार मीटरच दिले तर तो लगाम सुटलेल्या घोड्यासारखा धावतो, ताशी तीस-बत्तीस घनमीटर पाणी ओढू बघतो. पंप जितकं जास्त पाणी ओढतो, तितका त्याला तोंडाशी जास्त दाब लागतो. कंपनीच्या कागदावर त्याला एनपीएसएच म्हणतात. एकीकडे गरज वाढते, दुसरीकडे पाइपातलं घर्षण वाढल्यामुळे मिळणारा दाब घटतो. दोन्ही रेघा एकमेकींना छेदल्या की खडखड सुरू. ५ एचपीचा पंप त्याच पाइपातून आणखी पाणी मागेल. तहान वाढवून घसा रुंद होत नाही.

तुमच्या पाइपाचे आकडे मांडून बघू. ६३ एमएम हा बाहेरचा व्यास. आतला साधारण ५७. ताशी ३२ घनमीटर पाणी त्यातून न्यायचं तर वेग सेकंदाला साडेतीन मीटर होतो. सक्शनमध्ये १.८ मीटरच्या वर जाऊ नये हा आमच्या धंद्यातला नेहमीचा नियम. नऊ मीटर पाइप आणि पाच एल्बो मिळून साडेचार-पाच मीटर दाब नुसत्या घर्षणात जातो. समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे साधारण १०.३ मीटर पाणी, त्यातला निम्मा इथेच संपला. बास्केट थोडी जरी भरली की उरलेलाही गेला. तीच पाइप ९० एमएमची असती तर वेग १.७ मीटरच्या आसपास आला असता आणि दाबातली घट मीटरभर. व्यास दीडपटीच्या आतच वाढवला, त्रास पाचवा हिस्सा झाला. पाइपाचं हे गणित पटत नसलं तर पंप बाजूला ठेवा आणि तीच दाट लस्सी आधी बारीक, मग जाड स्ट्रॉने ओढून बघा.

अंदाजावर जायचं नसेल तर व्हॅक्युम गेज लावा. बास्केटच्या भांड्याला खाली ड्रेन प्लग असतो, तो काढून तिथे गेज बसतं. भारी वस्तू नाही, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मागवली की मिळते. एक इंच पारा म्हणजे साधारण ३४-३५ सेंटीमीटर पाणी. तुमचा पंप टाकीच्या पातळीखाली आहे, म्हणजे बंद असताना गेजने शून्य किंवा थोडा उलट दाब दाखवायला हवा. चालू असताना चार-पाच इंच दाखवलं तर सक्शन ठीक. दहाच्या पुढे गेलं तर पंपाला घुसमटायला होतंय हे कागदावर लिहून कमिटीला दाखवता येईल. गेजवर आकडा कमी आणि आवाज मात्र भरपूर, असं दिसलं तर हवेची गळती शोधा.

गेज येईपर्यंत दोन चाचण्या हाताने होतात. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पुढचा, सावकाश थोडा थोडा बंद करत जा आणि कान द्या. एक तृतीयांश बंद केल्यावर खडखड झपकन कमी झाली तर ते बहुधा कॅव्हिटेशन. बेअरिंगला व्हॉल्व्हशी देणंघेणं नसतं. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र चाचणीसाठीही आवळू नका, तो कायम पूर्ण उघडा. अनेक ठिकाणी 'पाणी कमी करायला' म्हणून पूल सांभाळणारा पोऱ्या नेमका सक्शनचाच व्हॉल्व्ह फिरवतो आणि सगळं तिथून सुरू होतं. तुमच्याकडे हँडल पाइपाला समांतर आहे ना, हे आधी बघून घ्या. बटरफ्लाय असेल तर हँडल बरोबर असूनही आतली चकती सुटलेली असू शकते. नवी मुंबईत खाडीकाठच्या सोसायट्यांत खाऱ्या हवेने व्हॉल्व्हची पिन खाल्लेली मी कित्येकदा काढली आहे.

दुसरी चाचणी: पंप पूर्ण वेगात असताना स्टार्टरचा स्टॉप दाबा आणि वेग उतरत असताना ऐका. आवाज त्याच क्षणी तुटला तर तो विजेचा, म्हणजे वायंडिंगची घुंघुं, फेज असमतोल, काँटॅक्टरची थरथर. आवाज वेगाबरोबर खाली उतरत, शेवटच्या फेऱ्यांपर्यंत घरघरत राहिला तर बेअरिंग किंवा काहीतरी घासतंय. एक-दोन सेकंदांत विरला, मग मोटर शांतपणे थांबली, तर तो पाण्याचा. या चाचणीला एक पैसा लागत नाही आणि मी आजही कुठल्याही पंपाशी गेलो की आधी हीच करतो. मोटरच्या पुढच्या आणि मागच्या झाकणाला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावली की कुठलं बेअरिंग वाजतंय तेही कळतं. फक्त सैल कपडे, ओढणी, गळ्यातला दोरा सांभाळा, आणि मागच्या पंख्याचं कव्हर उघडं असेल तर जवळ जाऊ नका.

हवा कुठून शिरते, याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक खूप वेळ घालवतात. सक्शनमधलं छिद्र चालू पंपात थेंबभरही पाणी गाळत नाही, उलट हवा आत ओढतं. तुमच्यासारखा पंप पातळीखाली असला की पंप बंद केल्यावर तीच जागा पाझरते. म्हणून रात्री पंप बंद केल्यावर सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ज्या सांध्याखाली ओला डाग, तोच चोर. चालू पंपात शोधायचं तर दाढीचा फेस सांध्यांवर लावा. जिथे फेसात खळगा पडून तो आत जातो तिथे गळती. सगळ्यात जास्त वेळा दोषी असतो तो बास्केटच्या झाकणाचा ओ रिंग. झाकण रोज उघडलं जातं, रिंगेवर वाळूचा कण किंवा केस राहतो, आणि मग तोच पोऱ्या पान्याने झाकण आवळतो आणि रिंग चपटी करून ठेवतो. रिंग काढा, धुवा, बोटांनी फिरवून चीर आहे का बघा, सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं. त्यानंतर पंपाच्या तोंडाची युनियन, म्हणजे पाइप उघडता येणारा जोड, मग व्हॉल्व्हच्या दांड्याची ग्लँड. आणि जिथे प्लास्टिकच्या आट्यांत लोखंडी निपल घुसवलाय ती जागा: पंप एकदा कोरडा तापला की ते आटे सैल होतात, टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी मग उपयोग नाही.

एक बारीक गोष्ट धबधब्यांचीच. पाणी उंचावरून पडून पूलमध्ये फेस करतं आणि तो फेसाळ भाग ओव्हरफ्लोच्या चॅनेलजवळ असेल तर बुडबुडे चॅनेलमधून थेट टाकीत येतात. परतीची पाइप टाकीत उंचावरून, सक्शनच्या जवळच पडत असेल तर हवा मिसळलेलं पाणी निवायच्या आत पंपात जातं. टाकीत डोकावाल तेव्हा हेही बघा. मध्ये एक आडवी भिंत किंवा साधी पीव्हीसी शीट उभी केली तरी फरक पडतो.

बेअरिंगकडे येतो. एप्रिलमध्ये बदललेली बेअरिंग महिन्यात का वाजली? पहिली शक्यता, ती वाजलीच नाही. आधीचाही आवाज कॅव्हिटेशनचा होता, बेअरिंग बदलताना बास्केट साफ झाली म्हणून काही दिवस बरं वाटलं. दुसरी शक्यता, ती खरंच गेली, पण कारण तसंच राहिलं. हवा खाणाऱ्या पंपात इम्पेलर क्षणात भरलेला, क्षणात रिकामा. शाफ्टला मिनिटाला २,९०० फेऱ्यांच्या वेगात धक्के बसतात. त्यात शाफ्टजवळून पाणी गळू न देणारी मेकॅनिकल सील तापते, कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या कोरड्या घासून चिरतात, पाणी शाफ्टवरून सरपटत पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. पंप आणि मोटर जिथे जोडलेत तिथे खालच्या बाजूला पांढरी खपली किंवा गंजाचा ओघळ आहे का बघा. असेल तर सील गळतेय, आणि सील न बदलता बेअरिंग बदलणं म्हणजे छत गळत असताना गादी वाळवणं. बदलाल तेव्हा सील आणि दोन्ही बेअरिंग एकदम बदला. जुन्या बेअरिंगवरचा नंबर, बहुतेक ६२०४ किंवा ६२०५, आणि त्यापुढची अक्षरं लिहून घ्या; पूलच्या खोलीत मी दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलीच घेतो. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला चांगला रिवाइंडिंगवाला असतो, तो प्रेसवर बसवून देतो. हातोडीने ठोकून बसवलेली बेअरिंग पहिल्या दिवसापासून आजारी.

पंप रूममध्ये क्लोरिनचे ड्रम मोटरशेजारी ठेवलेत का? तुम्ही पाठवलेल्या वर्णनात 'खोलीत वास' असा उल्लेख आहे, म्हणून विचारतो. क्लोरिनच्या वाफा तांबं, टर्मिनल, बेअरिंग, सगळं खातात. ड्रम बाहेर, हवेशीर जागी हलवा. आणि अॅसिडचा कॅन त्याच खोलीत असेल तर आज, हे वाचून झाल्याबरोबर, तो वेगळा करा. क्लोरिन आणि अॅसिड एकत्र सांडले तर विषारी वायू तयार होतो. बंद तळघरात पोऱ्या सापडला तर बाहेर यायला वेळ मिळत नाही.

विजेचं फारसं लिहीत नाही, कारण तुमची लक्षणं तिकडची नाहीत. एवढंच बघून घ्या की पॅनेलचं किंवा जनरेटरच्या चेंजओव्हरचं काम झाल्यावर पंप उलटा फिरत नाहीये ना. थ्री फेजच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. गंमत अशी की सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरूनही पाणी देतो, पण कमी आणि कर्कश आवाज करत, म्हणून महिनोन्महिने कुणाला कळत नाही. इम्पेलर आट्यांवर बसवलेला असेल तर उलट्या फिरण्याने तो सुटूनही येतो. मोटरवरचा बाण आणि मागच्या पंख्याची दिशा पंप थांबता थांबता जुळवून बघा. तिन्ही फेजचे अँपिअर क्लँप मीटरने लिहून घ्या. ३ एचपीच्या मोटरला ४१५ व्होल्टवर पाचेक अँपिअर लागतात. त्याच्या बरंच वर असेल तर पंप बेलगाम धावतोय याचा तो आणखी एक पुरावा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

दुसऱ्या मजल्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि तो पंपाच्या आवाजाइतकाच पाइपांचाही आहे. पंप रूम पार्किंगमध्ये, मध्ये पोडियमचा स्लॅब, तरी दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतं म्हणजे आवाज हवेतून न जाता काँक्रीटमधून चढतोय. वर जाणारी डिलिव्हरी पाइप स्लॅबमधून जाते तिथे भोकात सिमेंट भरून तिला घट्ट चिणलंय का बघा. पाइपाचे क्लँप लोखंडी, थेट भिंतीत? मग पूर्ण इमारत तुमच्या पंपाचा लाउडस्पीकर झाली. स्लॅबच्या भोकात पाइपाभोवती रबर किंवा फोमची बाही घाला, क्लँपमध्ये रबर पट्टी, पंपाखाली योग्य वजनाचे अँटी व्हायब्रेशन पॅड, डिलिव्हरीला रबर बेलो, म्हणजे लवचीक जोड. पंप पाइपांवर लटकलेला नको. पाइपांना स्वतःचे आधार हवेत, युनियन उघडली की पाइप जागची हलता कामा नये. ज्यांच्याकडून तक्रार आली त्यांच्या घरी संध्याकाळी जाऊन बसा, भिंतीला हात लावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. तुमचा धबधबा नऊला बंद होतो हे चांगलं. पण घरात झोपलेल्या तान्ह्या बाळाला किंवा आजारी माणसाला नियमापेक्षा ती घुंघुं लागते. त्यांना 'वाचून दाखवू का नियम' म्हणू नका.

मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. उद्याच बास्केट, ओव्हरफ्लोची जाळी, चॅनेल साफ करून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळायचा: धबधब्याची चादर कडेने फाटायला लागेपर्यंत, आणि मग किंचित परत उघडायचा. ती जागा व्हॉल्व्हवर रंगाने खूण करून ठेवायची. बहुतेक वेळा यातच निम्मी तक्रार मिटते. टाकीत भोवरा दिसला तर सक्शनच्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावून त्यावर तव्याएवढी चकती बसवायची, फ्लोटची पातळी धबधबा चालू असताना ठरवायची, बंद असताना नाही, आणि पातळी फार उतरली तर पंप बंद पाडणारा लेव्हल स्विच टाकायचा. ५ एचपीच्या पंपासाठी जे पैसे काढले असतील त्यातून सक्शन ९० एमएमची करून घ्यायची, पाच एल्बोंच्या जागी दोन लांब वळणाचे बेंड, आणि पंपाच्या तोंडाआधी निदान पाच व्यास, म्हणजे दीड फूट, सरळ पाइप.

आणि पैसे उरले तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे अॅक्सिलरेटर दाबून ब्रेक लावणं. चालतं, पण वीज जातेच. व्हीएफडीने मोटर ५० ऐवजी ४० हर्ट्झवर चालवली तर पाणी ऐंशी टक्के मिळतं आणि वीज जवळजवळ निम्मी लागते, कारण प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो पण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. इम्पेलरची भूक कमी झाल्याने कॅव्हिटेशनही दूर पळतं. फक्त २५ हर्ट्झच्या खाली नेऊ नका, मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. वेग कमी करताना एखाद्या ठरावीक आकड्यावर पाइप घुमू शकते. तो आकडा ड्राइव्हमध्ये वगळता येतो.

सक्शन कमी पडतंय म्हणून पूलच्या किंवा टाकीच्या तोंडावरची जाळी काढून टाकणारे लोक मला दरवर्षी भेटतात. तुमच्या ठेकेदाराने तसा सल्ला दिला तर त्याला त्याच दिवशी थांबवा. उघड्या सक्शनला मुलाचे केस किंवा हात ओढला गेला तर चार माणसांनाही तो सोडवता येत नाही. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर २००७ साली जाळ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पूलमध्ये थेट सक्शन असेल तर ती एकमेकींपासून दूर अशा दोन तोंडांत विभागलेली हवी, फुगीर जाळीसकट. जाळी तुटली असेल तर नवी येईपर्यंत पूल बंद ठेवा.

गेजचा आकडा, तिन्ही फेजचे अँपिअर आणि टाकीच्या भिंतीवरच्या खडूच्या रेघा, एवढं मला कळवा. सक्शनची पाइप नेमकी कुठून वळवायची ते त्यावरून सांगतो.